इंग्रजीत वाक्याला वाक्य चिकटते तेव्हा: रन-ऑन वाक्ये ओळखणे आणि दुरुस्त करणे

डिचोली तालुक्यातील एका हायस्कुलात मी बावीस वर्षे इंग्रजी शिकवत आले आहे आणि संध्याकाळी वाड्यावरची माणसे पंचायतीचे, वीज खात्याचे, बँकेचे अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. या सगळ्या वर्षांत लाल शाईने मी सर्वांत जास्त वेळा केलेली खूण म्हणजे दोन वाक्यांच्या मधोमध ओढलेली उभी रेघ. एक वाक्य संपलेले असते, दुसरे सुरू झालेले असते, पण मध्ये एक तर काहीच नसते, किंवा नुसता स्वल्पविराम असतो. इंग्रजीत याला रन-ऑन वाक्य म्हणतात आणि त्यातल्या स्वल्पविरामाने चिकटवलेल्या प्रकाराला कॉमा स्प्लाइस हे वेगळे नाव आहे. हा दोष एकदा सांगून जात नाही, तो परत परत उगवतो. म्हणून तो शोधण्याचा आणि काढण्याचा जो क्रम माझ्या हाताला बसला आहे, तो येथे सविस्तर लिहीत आहे.

लक्षणे

पहिले लक्षण वाचणाऱ्याच्या डोळ्यांत दिसते. तो ओळीच्या मध्यापर्यंत जातो, थबकतो, मागे येतो आणि पुन्हा वाचतो. दुसरे लक्षण म्हणजे सहा-सात ओळींच्या परिच्छेदात एकच पूर्णविराम असणे, आणि तोही अगदी शेवटी. तिसरे लक्षण अधिक घातक आहे: मधला एखादा शब्दसमूह डावीकडच्या वाक्याचा की उजवीकडच्या, हे कळत नाही. एका मुलाने लिहिले होते, "वी रीच्ड होम लेट इन द ईव्हनिंग अंकल केम विथ द फिश." आता उशीर घरी पोहोचायला झाला, की काका मासळी घेऊन उशिरा आले? वाचणाऱ्याला हे ठरवता येणार नाही आणि परीक्षकाने किंवा पंचायतीच्या सचिवाने ते ठरवत बसावे अशी अपेक्षाही करता येणार नाही. चौथे लक्षण म्हणजे दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये "हाउएव्हर", "देअरफोर" किंवा "देन" हा शब्द असून त्याच्या आधी फक्त स्वल्पविराम असणे.

जे लक्षण नाही तेही आधीच सांगितले पाहिजे, कारण बहुतेकांची दिशा तिथेच चुकते. वाक्य लांब असणे हा दोष नव्हे. "इट रेन्ड, वी स्टेड." एवढे चार शब्दांचे वाक्यही रन-ऑन आहे. याउलट "व्हेन द फेरी फायनली लेफ्ट रायबंदर, द बॉइज हू हॅड बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग रॅन टु द रेलिंग टु सी द मँग्रोव्ह्ज." हे वाक्य बरेच लांब असूनही निर्दोष आहे. "लहान लहान वाक्ये लिही" हा सल्ला मुलांना वारंवार मिळतो. त्याने भाषा तुटक होते आणि मूळ दोष मात्र लहान वाक्यांतही तसाच राहतो. येथे तपासायचे असतात ते वाक्यांचे सांधे.

हा दोष येतो कुठून

कारण माहीत असले की तपासणीतली प्रत्येक पायरी का आहे ते कळते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. गोव्यात पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमात शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. त्यांच्या मनात वाक्य जोडण्याची जी सवय पक्की झालेली असते ती मातृभाषेची असते आणि ती सवय मातृभाषेत अगदी योग्य असते. "पाऊस थांबला, आम्ही निघालो" हे मराठीत कोणालाही खटकत नाही. दोन घटना एकापाठोपाठ ठेवल्या की त्यांचे नाते ऐकणारा समजून घेतो.

याहून मोठे कारण आपल्या "ऊन" या प्रत्ययात आहे. "घरी जाऊन, हातपाय धुऊन, चहा घेऊन तो अभ्यासाला बसला." या वाक्यात काळ दाखवणारे क्रियापद एकच आहे, ते म्हणजे "बसला", बाकीची तिन्ही धातुसाधिते आहेत आणि त्यांना स्वतंत्र कर्ता लागत नाही. हेच वाक्य मूल इंग्रजीत नेते तेव्हा प्रत्येक "ऊन" चे पूर्ण क्रियापद होते, प्रत्येकाला "ही" हा कर्ता मिळतो, पण सांधा मात्र मराठीचाच राहतो: "ही वेन्ट होम, ही वॉश्ड हिज हँड्स अँड फीट, ही हॅड टी, ही सॅट टु स्टडी." मराठीतले एक केवल वाक्य इंग्रजीत चार स्वतंत्र वाक्ये झाले आणि तीन स्वल्पविरामांवर लटकत राहिले. मुलाला व्याकरण येत नाही असे याचे कारण नसते. तो आपल्या भाषेचे व्याकरण इमानाने पाळत असतो.

तिसरी गोष्ट लिपीची आहे. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे असा भेद नाही, त्यामुळे वाक्य कुठे सुरू झाले याची खूण आपल्या डोळ्यांना सवयीची नसते. आपली मोडी तर शब्दांमध्येही जागा न सोडता सलग लिहिली जात असे, आणि आज आपण वापरतो ती विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीकडून आपल्याकडे आली; त्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. चिन्हे आपण घेतली, ती आपल्या वाक्याच्या चालीप्रमाणे वापरली आणि त्यात काही गैर नाही. अडचण इतकीच की इंग्रजीत स्वल्पविरामाला दोन पूर्ण वाक्ये एकट्याने जोडण्याचा अधिकार नाही.

अलीकडे यात मोबाइलची भर पडली आहे. बोलून टाइप केलेला मजकूर बहुधा विरामचिन्हांशिवाय उमटतो आणि अर्ज म्हणून तोच पुढे पाठवला जातो. असा मजकूर हातात आला तर पुढची पहिली पायरी टाळू नये.

पहिली तपासणी: मोठ्याने वाचणे

याला पैसा लागत नाही आणि वेळही दोन मिनिटेच लागतो. मजकूर मोठ्याने, अर्थ लावत वाचावा आणि आवाज जिथे खाली उतरतो तिथे पेन्सिलीने टिंब द्यावे. विधान पूर्ण झाले की आवाज आपोआप उतरतो, हे मराठीतही खरे आहे आणि इंग्रजीतही. आवाज उतरला पण कागदावर पूर्णविराम नाही, अशी जागा संशयित समजावी.

येथे एक सावधगिरी हवी. "श्वास घेतला की कॉमा द्यायचा" हा नियम पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला आहे, आणि माझ्या मते अर्धी रन-ऑन वाक्ये याच नियमातून जन्मतात. श्वास केव्हाही घेता येतो. धापा टाकणारे मूल तीन शब्दांनंतरही घेईल. पाहायचे ते आवाजाचे उतरणे, श्वास नव्हे. शिवाय जो स्वतः लिहितो त्याला आपल्याच मजकुराचा अर्थ माहीत असल्याने त्याचा आवाज चुकीच्या जागीही सफाईने सरकतो. म्हणून शक्य असल्यास दुसऱ्याकडून वाचून घ्यावे. तो जिथे अडखळतो तिथे तुमचा दोष आहे.

दुसरी तपासणी: स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजू झाकून पाहणे

मी वर्गात यासाठी जुने पोस्टकार्ड वापरते. बसचे तिकीटही चालते. प्रत्येक स्वल्पविरामाशी थांबायचे, आधी उजवी बाजू झाकायची आणि डावी वाचायची, मग डावी झाकून उजवी वाचायची. दोन्ही बाजू एकेकट्या पूर्ण वाक्य म्हणून उभ्या राहिल्या आणि मध्ये जोडणारा शब्द नसेल, तर तो कॉमा स्प्लाइस आहे. एक जरी बाजू लंगडी असेल, तर तो स्वल्पविराम बहुधा बरोबर आहे.

चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्याला सहल गेली की दरवर्षी निबंध येतात आणि त्यांत हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात असतेच: "द टाइड वॉज लो, वी सॉ मेनी बर्ड्स." उजवी बाजू झाकली तर "द टाइड वॉज लो" हे पूर्ण वाक्य. डावी झाकली तर "वी सॉ मेनी बर्ड्स" हेही पूर्ण वाक्य. म्हणजे दोष सापडला. आता "व्हेन द टाइड वॉज लो, वी सॉ मेनी बर्ड्स." घ्या. उजवी बाजू झाकली की "व्हेन द टाइड वॉज लो" एवढेच उरते आणि ऐकणारा "मग काय?" असे विचारतो. ती बाजू लंगडी आहे, म्हणून स्वल्पविराम योग्य आहे.

या तपासणीत एक फसवी जागा नेहमी येते. स्वल्पविरामानंतर "इट", "दिस", "ही", "दे" असे सर्वनाम असले की मुलांना वाटते, हे वाक्य आधीच्यावर अवलंबून आहे, कारण "इट" म्हणजे काय ते आधीच्या वाक्यातच सांगितले आहे. "वी सॉ अ किंगफिशर, इट वॉज सिटिंग ऑन अ मँग्रोव्ह रूट." येथे "इट" चा अर्थ मागून येतो हे खरे, परंतु अर्थासाठी मागे पाहणे वेगळे आणि व्याकरणाने अपूर्ण असणे वेगळे. कर्ता आहे, क्रियापद आहे, विधान पूर्ण आहे. म्हणून हे स्वतंत्र वाक्यच आहे. माझ्या वह्यांतील कॉमा स्प्लाइस सर्वाधिक सापडतात ते सर्वनामाच्या आधीच. वेळ अगदी कमी असेल, तर सर्वनामाआधीचे तेवढे स्वल्पविराम तरी तपासावेत.

तिसरी तपासणी: तोतया जोडशब्द

इंग्रजीत स्वल्पविरामाच्या जोडीने दोन पूर्ण वाक्यांना जोडू शकणारी समान दर्जाची उभयान्वयी अव्यये सातच आहेत: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट आणि सो. हाउएव्हर, देअरफोर, मोरओव्हर, अदरवाइज, हेन्स, देन हे शब्द अर्थाने त्यांच्यासारखे वाटतात, पण ते क्रियाविशेषणे आहेत. मराठीत "परंतु" आणि "तथापि" आपण एकाच पद्धतीने वापरतो, म्हणून "बट" आणि "हाउएव्हर" यांतही फरक नसावा असे वाटते.

फरक पटवण्याचा सोपा मार्ग म्हणजे शब्द हलवून पाहणे. "हाउएव्हर द गाइड केम लेट" यातला हाउएव्हर उचलून मध्ये ठेवता येतो, "द गाइड, हाउएव्हर, केम लेट", आणि शेवटीही ठेवता येतो, "द गाइड केम लेट, हाउएव्हर". "बट" मात्र तसा हलत नाही. "द गाइड बट केम लेट" हे वाक्यच होत नाही. खरा सांधा दोन वाक्यांच्या मधली आपली जागा सोडत नाही. जो शब्द घरभर फिरतो त्याच्यावर घराचे वासे टेकवता येत नाहीत. त्यामुळे "वी टुक द फेरी फ्रॉम रायबंदर, देन वी सायकल्ड टु द सँक्च्युअरी." हे चूक, आणि "अँड देन वी सायकल्ड" असे केले की बरोबर. "हाउएव्हर" च्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम, एवढे लक्षात ठेवले तरी अर्जांमधील बऱ्याच चुका जातात.

चौथी तपासणी: क्रियापदे आणि सांधे मोजणे

दुसरी आणि तिसरी या दोन्ही तपासण्या स्वल्पविराम असेल तिथे चालतात. मध्ये काहीच चिन्ह नसेल तर त्या हात टेकतात, आणि तेव्हा पेन्सिल घेऊन मोजायला बसावे लागते. काळ दाखवणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची आणि वाक्ये जोडणाऱ्या प्रत्येक शब्दाभोवती वर्तुळ करायचे. कर्त्यासह क्रियापदे चार असतील तर सांधे तीन हवेत. पाच असतील तर चार. सांधा कमी पडला की तिथे वाक्य तुटायला हवे होते. "टु" लागलेले रूप मोजायचे नाही आणि सहायक क्रियापदाशिवाय आलेले "आयएनजी" चे रूपही मोजायचे नाही, कारण त्या दोघांना एकट्याने वाक्य चालवता येत नाही. आपल्या "जाऊन", "जाताना" सारखीच त्यांची स्थिती असते. एकाच कर्त्याची दोन क्रियापदे "अँड" ने जोडली असतील तर ती एक जोडी समजावी.

शेजारच्या एका मावशींनी आणलेला अर्ज येथे जसाच्या तसा देते. "द स्ट्रीट लाइट नियर अवर हाउस हॅज नॉट वर्क्ड सिन्स चतुर्थी, वी टोल्ड द लाइनमन थ्री टाइम्स ही सेड द पार्ट वॉज नॉट अव्हेलेबल, देअरफोर द रोड इज डार्क आफ्टर सेव्हन द चिल्ड्रन कम बॅक फ्रॉम ट्यूशन."

रेघा मारल्या: हॅज नॉट वर्क्ड, टोल्ड, सेड, वॉज, इज, कम बॅक. सहा क्रियापदे, म्हणजे पाच सांधे हवेत. वर्तुळे करायला गेले तर एकही नाही, कारण "देअरफोर" हा तोतया आहे. फक्त "सेड" नंतर "दॅट" हा शब्द अध्याहृत आहे. इंग्रजीत तो गाळता येतो, म्हणून तो सांधा धरायचा. उरले चार तुटके सांधे. त्यांतले तीन कुठे आहेत ते लगेच दिसते. चौथा "आफ्टर सेव्हन" च्या आधी की नंतर, हे मला कागदावरून कळेना. मी विचारले, "मावशी, सातनंतर काळोख होतो, की सातनंतर मुले परत येतात?" त्या म्हणाल्या, "काळोख साडेसहालाच पडता गो बाय. मुलां येतात साडेसात वाजता." उत्तर मिळाले आणि अर्ज असा झाला:

"द स्ट्रीट लाइट नियर अवर हाउस हॅज नॉट वर्क्ड सिन्स चतुर्थी. वी टोल्ड द लाइनमन थ्री टाइम्स, बट ही सेड द पार्ट वॉज नॉट अव्हेलेबल. द रोड इज देअरफोर डार्क व्हेन द चिल्ड्रन कम बॅक फ्रॉम ट्यूशन आफ्टर सेव्हन."

शब्द जवळपास तेच आहेत. पण आता तक्रार काय, प्रयत्न काय केले आणि धोका कोणाला, हे तीन वाक्यांत तीन ठिकाणी दिसते. "चुकीचे वाक्य तोडून टाका" एवढे सांगून भागत नाही ते यासाठी. कुठे तोडायचे हे पुष्कळदा लिहिणाऱ्यालाच विचारावे लागते.

मोजूनही शंका राहिली तर एक शेवटचा उपाय आहे: वाक्याचा हो-नाही उत्तराचा प्रश्न करून पाहावा. "व्हेन द टाइड वॉज लो, वी सॉ मेनी बर्ड्स" याचा एकच प्रश्न होतो, "डिड वी सी मेनी बर्ड्स व्हेन द टाइड वॉज लो?" "द टाइड वॉज लो, वी सॉ मेनी बर्ड्स" याचे मात्र दोन प्रश्न करावे लागतात. प्रश्न दोन लागले आणि मध्ये सांधा नसला, तर ती दोन वेगळी वाक्ये आहेत.

पाचवी पायरी: योग्य सांधा निवडणे

दोष सापडला म्हणजे काम अर्धेच झाले. दुरुस्तीचे मार्ग चार आहेत: पूर्णविराम, अर्धविराम, स्वल्पविरामासह सातांपैकी एक अव्यय, आणि एका वाक्याला गौण करणे. पाठ्यपुस्तकांत हे चारही एका रांगेत दिलेले असतात, जणू कोणताही उचलला तरी चालेल. व्याकरणाच्या दृष्टीने चालतो, अर्थाच्या दृष्टीने नाही.

पुन्हा चोडणच्या वाक्याकडे येऊ. ओहोटी होती आणि आम्ही खूप पक्षी पाहिले. या दोन गोष्टींचे नाते काय? ओहोटीला खाडीकाठचा चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे, खेकडे खायला पक्षी उतरतात, म्हणजे नाते कार्यकारणाचे आहे. ते ज्या मुलाला समजले आहे तो लिहील, "वी सॉ मेनी बर्ड्स बिकॉज द टाइड वॉज लो." किंवा "द टाइड वॉज लो, सो वी सॉ मेनी बर्ड्स." ज्याला फक्त वेळ सांगायची आहे तो "व्हेन" घेईल. एका मुलीने "ऑल्दो द टाइड वॉज लो" असे लिहिले होते. मी विचारल्यावर कळले की पाणी नसेल तर पाणपक्षी नसतील असे तिला वाटले होते. तिचे व्याकरण बरोबर होते आणि निसर्गाची समज अपुरी होती, आणि ती अपुरी आहे हे जोडशब्दामुळेच उघड झाले. नुसत्या स्वल्पविरामाखाली हे सगळे झाकून राहते. रन-ऑन वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो तो या कारणासाठी: ते विचारातले नाते लपवते आणि लिहिणाऱ्याला ते नाते ठरवण्यापासून सूट देते.

नाते ठरवता येत नसेल तर पूर्णविराम द्यावा. तो कधीच चुकत नाही. अर्धविराम मात्र जपून वापरावा. दोन्ही वाक्ये तोलामोलाची असतील आणि नाते न सांगता स्पष्ट असेल तरच तो शोभतो, जसे "द टाइड वॉज लो; द मडफ्लॅट्स वेअर फुल ऑफ बर्ड्स." दहावीपर्यंतच्या मुलाने एका निबंधात एकापेक्षा जास्त अर्धविराम वापरू नयेत असे मी सांगते. हा व्याकरणाचा नियम नाही, माझा अनुभव आहे.

"ऊन" मुळे आलेल्या साखळीवर वेगळा उपाय आहे. तेथे कर्ता एकच असतो, म्हणून परत परत आलेले "ही" काढून टाकावे: "ही वेन्ट होम, वॉश्ड हिज हँड्स अँड फीट, हॅड टी अँड सॅट टु स्टडी." आता कर्ता एक आणि क्रियापदांची यादी, यादीत स्वल्पविराम चालतो. किंवा मराठीच्या चालीला जवळ जाणारे रूप घ्यावे: "आफ्टर वॉशिंग हिज हँड्स अँड फीट, ही हॅड टी अँड सॅट टु स्टडी."

सहावी पायरी: दुरुस्तीतून आलेल्या नव्या चुका

एक दोष काढताना दोन नवे आत येतात. पहिला म्हणजे दुहेरी सांधा. मराठीत "जरी" ला "तरी" लागतो आणि "कारण" ला "म्हणून" सोबत देतो, त्यामुळे "ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट" असे लिहिले जाते. इंग्रजीत दोन वाक्यांना एकच सांधा पुरतो. "ऑल्दो" ठेवा किंवा "बट" ठेवा. दुसरा म्हणजे तुटलेला तुकडा. पूर्णविरामाची सवय लागली की मुले "बिकॉज द फेरी वॉज लेट." एवढेच वाक्य म्हणून लिहू लागतात. त्याला मुख्य वाक्याला जोडून द्यावे लागते. सगळीकडे "अँड" लावत सुटणे व्याकरणात बसते, पण वाचवत नाही.

काही ठिकाणी मात्र हात लावू नये. "इट इज लेट, इझन्ट इट?" यातला स्वल्पविराम योग्य आहे. "द मोअर यू रीड, द ईझिअर इट बिकम्स" हीही इंग्रजीची मान्य रचना आहे. सीझरच्या नावावर सांगितले जाणारे "आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड" यासारख्या अगदी छोट्या, एकाच घडणीच्या वाक्यांत नुसता स्वल्पविराम चालतो. परीक्षेत मात्र हे स्वातंत्र्य घेऊ नये.

संगणकाबद्दल थोडेच. वर्डसारखे प्रोग्राम अशा जागी निळी रेघ दाखवतात आणि त्यांचा उपयोग जरूर करावा, पण तुमच्या दोन वाक्यांचे नाते त्यांना माहीत नसते. सुचवलेले चिन्ह न वाचता स्वीकारले, तर मावशींच्या अर्जात काळोख सातनंतर पडला असता.

कुठे थांबावे आणि कोणाकडे जावे

प्रतिज्ञापत्र, खरेदीखत, भाडेकरार, कायदेशीर नोटीस, न्यायालयातील अर्ज यांतील वाक्य कितीही लांब आणि सांधे कितीही विचित्र वाटले, तरी त्यात एक टिंबही बदलू नये. कायद्याच्या इंग्रजीत वाक्य मुद्दाम सलग ठेवण्याची जुनी परंपरा आहे आणि एक अट कशा-कशाला लागू होते हे तिथे वाक्याच्या बांधणीवर ठरते. पूर्णविराम दिला की अट अर्ध्या मजकुराला लागू होईनाशी होऊ शकते. शंका असेल तर ती पेन्सिलीने समासात लिहून वकिलाकडे न्यावी. सही झालेल्या किंवा नोटरी केलेल्या कागदाला तर वकिलाशिवाय कोणीही हात लावू नये.

प्रबंध, परदेशी विद्यापीठाला पाठवायचे निवेदन किंवा छापायला जाणारे पुस्तक असेल, आणि वरच्या तपासण्या दोन पाने करूनही प्रत्येक परिच्छेदात चार-पाच दोष निघत असतील, तर व्यावसायिक मुद्रितशोधकाला किंवा संपादकाला द्यावे. स्वतः ठिगळे लावत बसल्याने शैली एकसारखी राहत नाही आणि वेळही वाया जातो.

आणि शेवटची स्थिती, जी मला अधिक महत्त्वाची वाटते. वर्षभर सराव करूनही मुलाला वाक्य कुठे संपते ते ऐकू येत नसेल, तर त्याला मराठीचा किंवा कोकणीचा परिच्छेद वाचायला द्यावा. तिथे तो व्यवस्थित थांबत असेल तर प्रश्न इंग्रजीचा आहे आणि सरावाने सुटेल. पण मातृभाषेतही तो अक्षरे लावत अडखळत असेल, ओळी चुकत असेल, वाक्याचा शेवट ओलांडून पुढे जात असेल, तर लाल शाई ठेवून द्यावी आणि पालकांशी बोलून त्याला वाचन-अडचणींची पारख असलेल्या विशेष शिक्षकाला किंवा बालमानसतज्ज्ञाला दाखवावे. त्या मुलाच्या वहीत उभ्या रेघा मारणे मी त्या दिवसापासून थांबवते आणि त्याच्यासोबत मोठ्याने वाचायला बसते.